बसलेल्या सुनेत्राचं चित्र

१२ सप्टेंबर १९८५, श्रूजबरी

वूस्टरच्या एका आर्ट स्कूलमधून आज कॉलेजात फोन आला. रूथ कॅलहन नावाच्या बाई. मॉडेल समोर बसवून माणसाचं चित्र कसं काढायचं, ते त्या शिकवतात. त्यांच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ अ‍ॅनाटमी शिकवाल का, असं विचारत होत्या. मी तिथल्या तिथे हो म्हणालो. आमच्या डीनने माझं नाव सुचवलं म्हणे. दुसऱ्या कुणाचं सुचवणार होता? आधी नागपूरला आणि मग इथे अमेरिकेत, मेडिकलच्या पोरांना हाडं आणि स्नायू शिकवण्यात माझा जन्म गेलाय.

बाई म्हणाल्या, "शंभर वर्षांपूर्वी फिलाडेल्फियात ईकिन्स नावाचा चित्रकार होता. तो आपल्या विद्यार्थ्यांना प्रेतांची चिरफाड करायला लावायचा. आत काय आहे ते माहीत नसेल तर बाहेरचं काढता येत नाही, असं म्हणायचा. मला ती पद्धत परत आणायचीय. प्रेतं सोडून."

"प्रेतंही आहेत आमच्याकडे, लागली तर," मी म्हणालो. बाई बराच वेळ हसत होत्या.

जेवताना सुनेत्राला हे सगळं रंगवून सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि वरण वाढत राहिली. हल्ली ती माझ्या विनोदांना हसत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याचे विनोद पाठ होत असतील.

२६ सप्टेंबर

पहिला वर्ग झाला आणि उत्तम झाला. सांगाडा गाडीत पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवून नेला. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईने एकदा पाहिलं आणि नंतर समोरच पाहत राहिली.

मी खांद्यावर बोललो. हात वर उचलताना खांद्याचं पातं कसं फिरतं ते सांगाड्यावर दाखवलं, मग माझा शर्ट वर करून माझ्या पाठीवर दाखवलं. पोरं वाकून वाकून बघत होती. मेडिकलच्या मुलांनी माझ्याकडे इतकं लक्ष कधी दिलेलं नाही.

नंतर रूथबाईंनी माझ्या हातात कोळशाची कांडी ठेवली. "आता तुम्ही काढा." मॉडेल होता एक म्हातारा, निवृत्त पोस्टमन, स्टुलावर बसलेला. मी अर्ध्या तासात त्याचा स्नायू न् स्नायू काढला, एकही चुकवला नाही. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगात पुरुषी शर्ट, बाह्या रंगाने माखलेल्या.

"सगळं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "फक्त हा माणूस मेलाय. प्रोफेसर, तुम्ही तुम्हाला माहीत असलेलं काढलंत. समोर बसलाय तो काढलाच नाहीत."

पोस्टमन माझ्याकडे जरा दयेने पाहत होता असं वाटलं. बाईंचं म्हणणं मला पटलेलं नाही. ज्ञान असणं हा दोष कसा होईल?

१७ ऑक्टोबर

आज माझ्या व्याख्यानानंतर बाईंनी स्लाइड्स दाखवल्या, सगळ्या गेल्या शतकातल्या अमेरिकन चित्रांच्या. वल्हवणारे तरुण, ऑपरेशन करणारे सर्जन, गाणारी बाई. ईकिन्सची माणसं पाहून मला नवल वाटलं ते त्यांच्या थकव्याचं. कोटाला सुरकुत्या, डोळ्यांखाली पिशव्या, खांदे पडलेले. पैसेवाल्या लोकांना आपण तसे दिसतो हे आवडायचं नाही. काहींनी चित्र घरी नेलंच नाही म्हणे.

त्याने स्वतःच्या बायकोचं काढलेलं चित्रही होतं. फिकट निळा रेशमी पोशाख, पायाशी कुत्रा, मान एका बाजूला कललेली, डोळे तांबारलेले. बिचारी दमून गेलेली.

मी म्हणालो, "बायको होती ना त्याची? जरा बरी काढायची."

"तिलाही चित्र काढता यायचं," बाई म्हणाल्या. "त्याने काय काढलंय ते तिला कळत होतं."

हे काही माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

घरी आल्यावर सुनेत्राला सांगितलं, की बायका असलेल्या वर्गात पुरुष मॉडेलची लंगोटी काढली म्हणून ईकिन्सला १८८६ साली नोकरी सोडावी लागली. तीही नुकतीच बाहेरून आली होती, आपल्या कोटाचं बटण काढता काढता तिने विचारलं, "त्या मॉडेलला विचारलं होतं का कुणी?" हे मात्र मला सुचलं नव्हतं. ती अजून त्याच बटणाशी खटपट करत होती. मी पुढे होऊन काढून दिलं.

३ नोव्हेंबर

आज घरात कटकट झाली. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीच्या नाटकातून सुनेत्राने अंग काढून घेतलं, मला न विचारता. दरवर्षी तिचंच काम लोकांच्या लक्षात राहतं. नाटक बसवणाऱ्या सरलाताईंनी मला फोन करून सुनावलं, जशी काही मीच तिला मनाई केली.

"आवाज पोचत नाही माझा शेवटच्या रांगेपर्यंत," सुनेत्रा म्हणाली.

"मग जरा जोरात बोल."

"जोरातच बोलतेय."

ती हे इतकं हळू म्हणाली की मला चिडच आली. मनातून उतरलेलं काम माणूस असंच करतो. सकाळी फोडणी जळून स्वयंपाकघर धुराने भरलं होतं आणि ही ओट्यापाशी शांत उभी. म्हणाली, "वास नाही आला मला." वास वरच्या मजल्यावर मला आला. पन्नाशी उलटल्यावर बायका अशा अलिप्त होतात का, कुणाला तरी विचारायला हवं. पण विचारणार कुणाला?

२७ डिसेंबर

आमची लेक संध्या नाताळच्या सुट्टीत आली आहे. हर्नडनला तिचं कंपनीत बरं चाललंय. कॉम्प्युटरबद्दल सांगते ते मला अर्धं कळतं, आणि मी मराठीत विचारतो त्याचं उत्तर ती इंग्लिशमध्ये देते, तेव्हा हिशेब बरोबरीचा आहे.

भांडी पुसताना ती म्हणाली, "बाबा, इज आई डिप्रेस्ड? शी डझंट स्माइल."

मी म्हणालो, "तुझी आई मुळातच गंभीर आहे."

"नो, शी इजंट," संध्या म्हणाली.

सुनेत्राचा उजवा खांदा आखडलाय. आमच्या डॉक्टरने फ्रोजन शोल्डर सांगून व्यायाम दिलेत. मी जेवणाच्या टेबलावर लाटणं आणि वाटी घेऊन दोघींना खांद्याचा सांधा समजावून दिला. वाटीत लाटण्याचं टोक फिरवून दाखवलं. संध्याला मजा वाटली. सुनेत्रा लाटण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मला खांद्यात दुखत नाही. हात माझा वाटत नाही, एवढंच." ही भाषा शास्त्रीय नाही, असं मी तिला सांगितलं.

संध्याकाळी तिघं बर्फातून चक्कर मारून आलो. सुनेत्रा मागे पडते. एक हात कोटाला चिकटवून चालते, सवयच लागलीय. मी दर कोपऱ्यावर थांबून हाक मारत होतो.

२८ जानेवारी १९८६

स्पेस शटल आकाशात फुटलं. त्यात ती न्यू हॅम्पशायरची शाळामास्तरीणही होती. कॉलेजात कुणी काम केलं नाही. आमची सेक्रेटरी टेबलावर डोकं ठेवून रडत होती. मलाही गाडीत बसल्यावर राहवलं नाही.

घरी आलो तर सुनेत्रा टीव्हीसमोर. तिच्या चेहऱ्यावरची रेष हललेली नव्हती. डोळ्यांची उघडझापही क्वचित. टीव्हीवर त्या मास्तरणीचे आईवडील वर बघत उभे होते, पुन्हापुन्हा तेच दाखवत होते. माझ्या मनात आलं, ही बाई अशी दगडासारखी कधी झाली?

तेवढ्यात ती म्हणाली, "त्यांना नका दाखवू म्हणावं. त्या आईला नका दाखवू." आवाज अगदी बारीक, कापरा. चेहरा होता तसाच. बोलणं एका बाईचं आणि चेहरा दुसरीचा, असं काहीतरी वाटलं. मी टीव्ही बंद केला. ती "बरं केलंत" म्हणाली.

१३ फेब्रुवारी

एप्रिलमध्ये वर्गाचं छोटं प्रदर्शन आहे. रूथबाईंनी मलाही विद्यार्थ्यांत धरलंय. घरातल्या एका माणसाला बसवून रोज काढायचं, पुष्कळ दिवस, एकाच खुर्चीत, एकाच उजेडात. मला वेगळी सूचना दिली: "बोलायचं नाही. कुठलाही स्नायू समजावून सांगायचा नाही."

आमच्या घरात माणूस एकच आहे. सुनेत्रा आधी नको म्हणाली. मी फार मागे लागलो तेव्हा म्हणाली, "बसते. पण हस वगैरे म्हणायचं नाही." खिडकीजवळची लाकडी खुर्ची ठरली. सकाळचा उजेड तिथे चांगला येतो.

१६ फेब्रुवारी

कालचं आणि आजचं चित्र फाडलं. चेहरा चांगला जमला होता, ओठांच्या कडेला तिचं ते नेहमीचं मिस्किल हसू. सुनेत्राने उठून पाहिलं. "ही कोण?"

"तू."

"ही अमरावतीची. तुम्ही पाहायला आला होतात तेव्हाची."

मग मी तिच्याकडे नीट पाहिलं. हसू नव्हतंच. मी ते पदरचं घातलं होतं. रूथबाई पोस्टमनच्या वेळी काय म्हणत होत्या, ते आत्ता थोडंसं लक्षात येतंय.

२३ फेब्रुवारी

लिहून ठेवायला हवं, आजच.

सकाळी बर्फावरून परतून आलेला स्वच्छ उजेड होता. मी ठरवलं, नाव न घेता काढायचं. डोळा, नाक म्हणायचं नाही, फक्त इथे गडद, इथे फिकट. चेहऱ्याची उजवी बाजू डावीपेक्षा सपाट. गालावरची घडी एकाच बाजूला. पापण्या हलत नाहीत. मान थोडी पुढे आलेली. डावा हात मांडीवर सैल. उजवा कोपरात दुमडून पोटाशी धरलेला. त्याची बोटं काढायला लागलो आणि ती जमेनात. रेष मारली की बोट दुसरीकडे. मी "हलू नको" म्हणणार होतो, पण न बोलण्याचं ठरलं होतं. म्हणून पाहत राहिलो.

अंगठा तर्जनीवर घासत होता. जपमाळ ओढावी तसा, संथ, थांबून थांबून, परत. तिचं लक्षही नव्हतं.

हे मी पुस्तकात वाचलंय. हे मी परीक्षेत लिहिलंय. मेंदूतला तो काळा पट्टा, जिथून हे सुरू होतं, तो मी दरवर्षी मुलांना कापून दाखवतो. एका क्षणात सगळं एका रांगेत उभं राहिलं: बटण, आवाज, जळलेली फोडणी, बर्फातलं मागे पडणं, टीव्हीसमोरचा तो चेहरा. मी कोळसा खाली ठेवला.

"केव्हापासून?" मी विचारलं.

तिने हाताकडे पाहिलं. डाव्या हाताने तो धरला, तसा तो थांबला.

"मागच्या उन्हाळ्यापासून. आधी फक्त दमल्यावर व्हायचं."

"सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं तुम्हाला दिसेल," ती म्हणाली. रागाने नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.

मी उठून तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसलो. गुडघे दुखतात तरी बसलो. ती म्हणाली, "चित्र पुरं करा आधी. चांगलं होतंय." तेव्हा मी परत गेलो आणि पुरं केलं. हात काढला, घासणारा अंगठाही. रेषा थोड्या फाकल्या, पण पुरं केलं.

२६ फेब्रुवारी

शैलेंद्रकडे गेलो होतो. हा मंडळातल्या बाळ जोगांचा मुलगा, इथेच वाढलेला, बॉस्टनला न्यूरॉलॉजिस्ट आहे. लहानपणी सुनेत्राच्या रविवारच्या मराठी शाळेत होता. मला काका म्हणतो आणि तिला बाई.

त्याने तिला कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालून परत यायला सांगितलं. बोटांची चिमटीसारखी उघडझाप करायला लावली. मनगट हातात घेऊन हळूच फिरवलं. मी शेजारी उभा. मला सांगण्यासारखं पुष्कळ होतं, सांगितलं नाही.

"बाई, हा पार्किन्सन आहे," तो म्हणाला, तिच्याकडे बघून. माझ्याकडे नाही. ते मला आवडलं. "याने तुमचं आयुष्य थांबणार नाही. स्लो होईल. औषध चांगलं आहे, पुष्कळ वर्षं काम करतं."

"बरं होत नाही ना?" सुनेत्राने विचारलं.

"नाही. बरं नाही होत."

"मग तसं आधी सांगायचं. औषधाचं नंतर." शैलेंद्रने लहानपणी खाली घालत असेल तशी मान खाली घातली.

गाडीत मी म्हणालो की मी मेडिकल जर्नल्स सगळी चाळणार आहे, कुठे काय नवीन निघालंय ते पाहणार आहे. ती म्हणाली, "पाहा. पण रोज जेवताना सांगू नका."

९ मार्च

गोळ्यांनी सुरुवातीला मळमळ फार झाली. दोन वेळा तिने मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. मी पोळ्या लाटायला गेलो होतो. पोळीचा आकार कसाही असला तरी अ‍ॅनाटमीच्या दृष्टीने फरक पडत नाही, असं मी म्हणालो. पूर्वी यावर ती हसली असती, असं आधी लिहिलं असतं. आता मला कळतं की ती आतून हसतच असेल. मी विचारलं, "हसलीस का?"

"हो," ती म्हणाली. "मागच्या वेळीही हसले होते. सांगाड्याच्या पट्ट्यालाही."

मला फार बरं वाटलं. एवढे सगळे विनोद फुकट गेले नव्हते.

२९ मार्च

औषध लागू पडतंय. आज ती जिन्यावरून उतरत होती आणि उजवा हात झुलला. थोडासाच. मी खालून पाहिला आणि बोललो नाही, कारण बोललं की ती तो धरून ठेवेल.

दुपारी सरलाताई आल्या होत्या. मी बैठकीत होतो, बायका आत. त्यांना रोगाचं काही ठाऊक नाही, म्हणून त्या येत्या दिवाळीच्या नाटकाचं विचारत होत्या. सुनेत्रा म्हणाली, "मला बसून करायचं काम द्या. पण पहिल्या अंकात द्या, तेव्हा गोळीचा असर असतो." मग सरलाताईंचा हळू आवाज, आणि बराच वेळ सुनेत्राचा. मी पेपर धरून बसलो होतो, एक ओळही वाचली नाही.

५ एप्रिल

प्रदर्शनासाठी चित्र घेऊन रूथबाईंकडे गेलो. सुनेत्राही आली होती. बाईंनी चित्र खिडकीशी नेलं. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "हात वाईट काढलाय. पण हे जिवंत आहे." मग सुनेत्राकडे वळून, "तुम्हाला कसं वाटतं?"

"नाक मोठं काढलंय," सुनेत्रा म्हणाली.

"आहे तेवढंच आहे," मी म्हणालो.

"असेल. मी बाजूने कुठे पाहते स्वतःला?"

बाईंनी तिला विचारलं, वर्गापुढे एक सकाळ बसाल का? मी पटकन म्हणालो, नाही, तिला त्रास होईल. दोघींनी माझ्याकडे एकदमच पाहिलं.

"मला विचारलंय," सुनेत्रा म्हणाली. "बसेन. पण साडी नेसून बसेन, आणि गोळी घ्यायच्या आधी."

गोळी घेतल्यावर हात थांबतो. आधी बसायचं म्हणजे तो दिसणार. तिला हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मी समजावणार होतो. समजावलं नाही.

१२ एप्रिल

शनिवार सकाळ. वर्गाच्या मोठ्या खिडक्या, आतून धुळीचा आणि टर्पेंटाइनचा वास. तिला तो येत नाही, मी तिला सांगितला.

ती हिरवी इरकल नेसून उंच फळीवर ठेवलेल्या खुर्चीत बसली. पोरं काढायला लागली. हात हलायला लागला. पोरांच्या नजरा खाली गेल्या, कागदावर काहीतरी शोधू लागल्या. कोळशाच्या कांड्या थांबल्या. कुणीतरी रूथबाईंना हळूच विचारलं, हात वगळू का?

ते सुनेत्राने ऐकलं. बारीक आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ती इंग्लिशमध्ये म्हणाली, "हा थांबणार नाही. वाट बघू नका. हलतो तसाच काढा."

त्यानंतर कोळशाच्या आवाजाशिवाय काही ऐकू आलं नाही. मी मागच्या ईझलपाशी होतो. मला आज कुणी काही शिकवायला सांगितलं नव्हतं. मी काढलं, तेही फार नाही. बहुतेक वेळ पाहतच होतो: तिची ताठ बसण्याची खटपट, मान पुढे गेली की ती परत आणत होती ते, आणि इतक्या अनोळखी लोकांच्या नजरा अंगावर घेऊन न बिचकणं.

संपल्यावर ती फळीवरून उतरली. मी हात पुढे केला नाही, रूथबाईंनी केला. ती सावकाश एकेका ईझलपाशी थांबली. एका मुलीने हात एकदाच न काढता एकावर एक पाच-सहा वेळा काढला होता, फिकट, मग गडद, मग परत फिकट. बोटांचं धुकं झालं होतं आणि तरी तो हात सुनेत्राचाच होता. सुनेत्रा तिथे सगळ्यांत जास्त वेळ उभी राहिली. मग मुलीला म्हणाली, "हे मला देशील?"

माझं मागितलं नाही. खरं सांगायचं तर मला लागलं. पण तिची निवड बरोबर आहे.

घरी आल्यावर तिने गोळी घेतली, जेवली, ते चित्र टेबलावर उलगडून ठेवलं आणि फोनपाशी जाऊन बसली. संध्याला अजून काही सांगितलेलं नाही. मी ठरवलं होतं की मीच सांगेन, नीट, टप्प्याटप्प्याने, आकडेवारीसकट. मी रिसीव्हरसाठी हात पुढे केला.

तिने नंबर फिरवला. "संध्या? आई बोलतेय. बसलीयेस का? मला काहीतरी सांगायचंय. नाही, बाबांना नाही देत. माझं आहे, मीच सांगते."

मी हात मागे घेतला आणि समोरच्या खुर्चीत बसलो. ती बोलत होती, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.